वेशीवरचा मारुती आणि मॉडर्न आर्ट

आमच्या नांदुऱ्यात काही बिघडलं की त्याला एक नाव तयार असतं. रंगाऱ्याचा डबा जिन्यावर सांडला, झालं मॉडर्न आर्ट. पोराने ओट्यावर खडूचा गिरगोटा केला, मॉडर्न आर्ट. पानठेल्यामागच्या पिचकाऱ्यांचं बारसंही तेच. थोडक्यात, जे कळत नाही आणि तरी महाग असतं, ते मॉडर्न आर्ट, अशी व्याख्या लोकांनी करून टाकली आहे. मीही त्या लोकांतलाच; चित्रकलेच्या इंटरमीजिएटला सी श्रेणीपुढे माझी मजल गेली नाही. पण ही व्याख्या मला पटत नाही, आणि न पटण्याची कारणं मला गावातच सापडली.

आधी पूर्वपक्ष. त्याचे मुद्दे तीन. चित्र हुबेहूब हवं, हा पहिला. ‘आमचं पोट्टं बी काढते असं!’ हा दुसरा. आणि हे पॅरिस-न्यूयॉर्कचं खूळ, आपल्या मातीतलं नव्हे, हा तिसरा.

हुबेहूबपणाचा हट्ट समजण्यासारखा आहे. हायवेवरची आमची 105 फुटी हनुमानमूर्ती बघा. मुंबई-नागपूर रस्त्याने जाणारा ट्रकवालाही मान वर करतो. गदा, मुकुट, दागिने, सगळं जिथल्या तिथे. कोण उभं आहे हे कुणाला विचारावं लागत नाही. पण त्याच गावात माझी आई दर शनिवारी तेल घालते ते वेशीवरच्या मारुतीला. त्याला ना हात, ना पाय, ना शेपूट. एक ओबडधोबड दगड, वर्षानुवर्षांच्या शेंदराने फुगलेला, वर चांदीचे दोन डोळे. अशा न घडवलेल्या देवाला आपल्याकडे तांदळा म्हणतात. उद्या कुणी छिन्नी घेऊन ‘याला जरा नाकतोंड काढून देतो’ म्हणाला, तर आई त्याला वेशीबाहेर काढेल. दिसण्यात साम्य नसलं तरी आशय पुरा असू शकतो, हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही.

शिवाय हुबेहूबपणाचं काम 1839 नंतर कॅमेऱ्याने अंगावर घेतलं. मग चित्रकाराने रंग, रेषा आणि अवकाश यांच्याशीच थेट बोलायला सुरुवात केली, तर त्याने कुणाचं काय बिघडवलं? इंटरमीजिएटच्या संकल्पचित्रात आपण चौकोनात आकार बसवून रंगसंगती साधायचो, तेव्हा ‘हे नेमकं कशाचं चित्र?’ असं परीक्षकानेही विचारलं नव्हतं.

आता ‘पोट्टं’. वासुदेव गायतोंडे यांचा कॅनव्हास पाहून हे वाक्य हमखास येतं. हा माणूस 1948 साली जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून पदविका घेऊन बाहेर पडला. आकृत्या काढणं त्याला येत होतं; येत असून त्याने ते सोडलं. रोलरने, पॅलेट नाइफने रंगाचा थर चढवायचा, खरवडायचा, पुन्हा चढवायचा. वर्षाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच चित्रं. पोरगं पाच मिनिटांत पाच कागद संपवतं. त्याच्या रेघेत जीव असतो, नाकारत नाही. पण कुठे थांबायचं हे त्याला ठाऊक नसतं. आई हाक मारते तिथे त्याचं चित्र संपतं.

तिसरा मुद्दा तर गावाजवळच फुटतो. हेच गायतोंडे 1924 साली जन्मले नागपुरात. सय्यद हैदर रझा चित्रकला शिकले तेही नागपुरात, आणि त्यांच्या प्रसिद्ध बिंदूचं मूळ खेड्यातल्या शाळेत आहे: चंचल पोराचं चित्त ठरावं म्हणून गुरुजींनी भिंतीवर काढून दिलेला एक ठिपका. चित्रकार हुसेन जन्मले पंढरपुरात. आणि दिवाळीत आपल्या अंगणात बसणाऱ्या शेणाच्या गवळणी? एक गोळा, दोन चिमटे, झाली गवळण. तिला आपण परदेशी म्हणत नाही.

राहिला पैसा. 2013 मध्ये गायतोंडे यांचं एक चित्र 23 कोटी 70 लाखांना गेलं. ते 2001 मध्येच गेले होते. त्यातला छदामही त्यांच्या वाट्याला आला नाही. कापसाचा भाव सकाळी एक, दुपारी दुसरा. धागा तोच असतो. भावावरून चित्र थोर ठरत नाही, तसं खोटंही ठरत नाही. भिंतीला टेपने चिकटवलेलं मौरिझिओ कातेलानचं केळं 2024 मध्ये 62 लाख डॉलरला विकलं गेलं. रावेर-सावद्याची केळी खाणाऱ्या आम्हांला हसू येणारच. पण ते केळं 2019 चं. त्याचा राग शंभर वर्षांच्या चित्रकलेवर कशाला?

एक फटका मात्र दुसऱ्या बाजूलाही द्यायला हवा. ‘सामान्यांना हे कळणार नाही’ असं म्हणून जड शब्दांचा धूर करणारी मंडळी चित्राचं भलं करत नाहीत. गॅलरीतल्या पाटीवरचा मजकूर चित्रापेक्षा अवघड असेल, तर प्रेक्षक दारातूनच परतणार. आणि त्यात दोष प्रेक्षकाचा नाही.

मग सामान्य माणसाने ओळखायचं कसं? मी दोन प्रश्न विचारतो. यातलं काही काढलं, हलवलं, वाढवलं, तर बिघडेल का? आणि दुसऱ्यांदा पाहताना पहिल्यापेक्षा जास्त दिसतं का? पानठेल्याच्या भिंतीवर आणखी एक पिचकारी उडाली तर काहीच बिघडत नाही. ती पहिल्याच प्रश्नात नापास. केळ्याचा विनोद एकदा ऐकला की संपतो. ते माझ्यापुरतं दुसऱ्यात नापास. गायतोंडे यांच्या चित्राचं मी छापील पानच पाहिलंय. पहिल्यांदा पिवळं धुकं दिसलं. महिन्याने त्याच धुक्याच्या आत काहीतरी तरंगताना दिसलं. या कसोटीवर एखादं गाजलेलं चित्र मला नापास वाटलं, तर तसं म्हणायचा हक्क माझा. फक्त आधी ते दोनदा पाहायचं.

परवा शनिवारी आईबरोबर वेशीवर गेलो. पुतण्याने विचारलं, ‘आजी, याचं तोंड कुठंय?’ आईने बोटाने शेंदूर सारखा केला आणि म्हणाली, ‘बस जरा इथं. दिसते.’