चारशे भेटी आणि नऊ मागण्या

मैत्रिणींनो, आज विषय जरा वेगळा आहे, पण सुरुवात स्वयंपाकघरातूनच करते.

आमच्या सूनबाईची घरगुती पिठांची छोटी वेबसाइट आहे. मागणी आली की धान्य निवडायचं, दळायचं आणि त्याच दिवशी गावात पोचवायचं. मागच्या वर्षी दशलक्षण पर्वाच्या आधी ती मोबाइल घेऊन धावत आली. "आई, आज साइटवर ४०० भेटी!" आम्ही दोघींनी उत्साहात २० किलो जास्तीचं दळून ठेवलं. मागण्या आल्या ९. पावसाळ्यात पिठाची मर्यादा ३ दिवसांची, हे तुम्हाला सांगायला नको. चौथ्या दिवशी ते पीठ आपल्या उपयोगाचं राहिलं नाही, शेजारीपाजारी देऊन टाकलं.

मग मी चष्मा लावून तो आकडा बघायला बसले. बी.कॉम.ला खतावणी हाताने लिहिलेली आहे, आकड्यांची मला भीती नाही. ज्याला आम्ही भेटी समजत होतो, ती उघडलेल्या पानांची संख्या होती. एका बाईने पाच पानं पाहिली की पाच धरायची. त्यात आमच्याच घरातले चार मोबाइल दिवसभर साइट उघडत होते. शिवाय कोणीतरी दुवा पुण्या-मुंबईच्या ग्रुपवर टाकला होता, आणि तिथे तर आम्ही माल पाठवतच नाही!

म्हणून माझं मत असं, की मोजणीचं साधन निवडण्याआधी कागदावर प्रश्न लिहा. छोट्या साइटला तीन पुरतात: वेगवेगळी माणसं किती आली, कुठल्या वाटेने आली आणि त्यातल्या किती जणांनी मागणी नोंदवली. ज्या आकड्याने उद्याचं काम बदलणार नाही, तो मोजून करायचं काय?

आता साधनं बघू. गूगल अ‍ॅनालिटिक्स २००५ पासून आहे, फुकट आहे आणि सगळ्यात जास्त वापरलं जातं. गूगलवर जाहिराती देत असाल तर तेच घ्या, खर्च आणि विक्रीचा मेळ तिथे बसतो. पण ते मोठ्या दुकानांच्या मापाचं आहे. त्यातले तक्ते बघून सूनबाई गोंधळून जायची. त्याची जुनी आवृत्ती १ जुलै २०२३ पासून नवे आकडे घेईनाशी झाली, तेव्हा सगळ्यांनाच नवी शिकावी लागली. फुकटच्या खात्यात बारकाईने तपासायची माहिती जास्तीत जास्त १४ महिने राहते, आणि सेटिंग बदललं नाही तर दोनच महिने. साधे अहवाल त्यानंतरही दिसतात, पण हे सेटिंग पहिल्याच दिवशी बदलून घ्या.

दुसरं मातोमो. २००७ मध्ये ते पिविक नावाने सुरू झालं, २०१८ मध्ये नाव बदललं. स्वतःच्या सर्व्हरवर बसवलं तर सॉफ्टवेअर फुकट, आणि सगळी माहिती आपल्याच घरात. मात्र ते वेळोवेळी अद्ययावत करणं आणि त्याची प्रत काढून ठेवणं आपल्याकडे येतं. घरात जाणकार मुलगा-मुलगी असेल तरच या वाटेला जा.

तिसरं प्लॉझिबल, एस्टोनियातलं. महिन्याला पैसे पडतात, पण सगळं एका पानावर दिसतं आणि ते ग्राहकाच्या मोबाइलमध्ये कुकी ठेवत नाही. त्यामुळे आज आलेली बाई उद्या आली तर ती नवीनच धरली जाते, एवढं लक्षात ठेवायचं.

आम्ही हे तिसरं घेतलं. "फुकटचं सोडून पैसे कशाला?" असं घरात विचारलं गेलंच. सूनबाईला आठवड्यात अर्धा तास मिळतो. तेवढ्यात जे समजतं, ते आमच्यासाठी स्वस्त. आणि दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे पीठ बघायला आलेली बाई आणखी कुठे कुठे फिरते, हे आपल्याला कशाला हवं? परिग्रह फक्त साड्या-भांड्यांचा नसतो, माहितीचाही होतो. २०२३ मध्ये आपल्या देशात वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदाही झाला आहे, पण कायद्याच्या आधी आपली रीत आहेच.

साधन कुठलंही घ्या, तीन गोष्टी करा. घरचे मोबाइल मोजणीतून वगळा. प्रत्येक ग्रुपला दुव्याची वेगळी खूण द्या, म्हणजे मागणी कुठून आली ते कळेल. गावाच्या आकड्यावर फार विसंबू नका, मोबाइल वापरणारीचं गाव यंत्राला बरेचदा चुकीचं दिसतं. आणि दोन साधनांचे आकडे जुळले नाहीत तर घाबरू नका, प्रत्येकाची मोजायची पद्धत निराळी असते. ताळमेळ घालायचा तो मागणीच्या वहीशी.

यंदा पर्वाच्या आधी सूनबाईने भेटींचा आकडा सांगितला, तेव्हा मी विचारलं, "वहीत किती?" ती म्हणाली, "चौदा." आम्ही चौदा घरांपुरतंच दळलं.