दुसरी प्रत कोठे आहे?

२६ सप्टेंबर २०२४ रोजी पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथील तीन ‘परम रुद्र’ महासंगणकांचे लोकार्पण झाले, तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी ती बातमी अभिमानाने एकमेकांना पाठवली. बरोबर एका वर्षाने, २६ सप्टेंबर २०२५ रोजी, दक्षिण कोरियातील देजॉन शहरात सरकारी माहिती केंद्राला बॅटरीमुळे आग लागली आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या फायलींचा ८५८ टेराबाइटांचा साठा नष्ट झाला. साठा फार मोठा म्हणून त्याची प्रत अन्यत्र ठेवलेलीच नव्हती. पहिल्या बातमीवर आपण भरभरून बोललो. दुसरीतला धडा मात्र आपल्या प्रयोगशाळांपर्यंत पोहोचलेला मला दिसत नाही. हे मी दुरून बोलत नाही. तो धडा मी स्वतः महाग किंमत देऊन शिकले आहे.

काही वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातील ही गोष्ट. शनिवारी रात्री आमच्या संस्थेतील वीज गेली आणि वीस मिनिटांत परत आली. सर्व्हर यूपीएसवर होता, त्यामुळे तो क्षणभरही थांबला नाही. एसी मात्र यूपीएसवर नव्हता, आणि वीज परतल्यावर हाताने बटण दाबल्याशिवाय तो सुरू होत नसे. रविवारी खोलीकडे कोणीही फिरकले नाही. सोमवारी सकाळी दार उघडले तेव्हा भट्टीचे दार उघडल्यासारखी झळ अंगावर आली.

विद्यार्थ्यांनी हे गणित स्वतः करून पाहावे. चार मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि तीन मीटर उंच खोलीत सुमारे ४२ किलो हवा असते. तिचे तापमान एका अंशाने वाढवायला साधारण ४२ किलोज्यूल ऊर्जा पुरते. सर्व्हर आणि साठवणीचे यंत्र मिळून एक किलोवॉट उष्णता सोडत असतील, तर केवळ हवेचा हिशेब धरता दहा मिनिटांत तापमान १४ अंशांनी चढते. भिंती आणि सामान बरीचशी उष्णता शोषून घेतात, म्हणून प्रत्यक्षातला वेग कमी असतो. पण आमच्या खोलीला दहा मिनिटे नव्हे, तीस तासांहून अधिक वेळ मिळाला होता.

हार्ड डिस्कच्या आत तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेत असते आणि तिच्यापासून अवघ्या काही नॅनोमीटर उंचीवर वाचन-लेखन करणारे हेड तरंगत असते. आपल्या केसाची जाडी या अंतराच्या हजारो पट भरेल. बहुतेक डिस्कसाठी उत्पादकांनी दिलेली कमाल मर्यादा ६० अंशांच्या आसपास असते. आमच्या आठ डिस्कपैकी एक सोमवारी बंद पडलेली आढळली. रचना अशी होती की एक डिस्क गेली तरी उरलेल्या सातांवरून माहिती पुन्हा उभी करता यावी. आम्ही नवी डिस्क बसवली आणि पुनर्बांधणी सुरू केली. त्यासाठी उरलेल्या सातही डिस्क अखंड वाचाव्या लागतात. त्या ताणात अकराव्या तासाला दुसरी डिस्क गेली आणि तिच्याबरोबर आमच्या एका विद्यार्थिनीची चौदा महिन्यांची मोजमापे गेली. ४ केल्विन तापमानाला, द्रवरूप हेलियम खर्चून तिने ती घेतली होती. काही नमुने तोवर खराब झाले होते. त्यांची मोजमापे पुन्हा घेणे शक्यच नव्हते.

त्यानंतर सर्वांनी एकमुखाने उष्णतेला दोष दिला. एक जादा एसी बसवावा, असे ठरू लागले. माझा मतभेद येथे सुरू होतो.

२००७ साली गुगलच्या संशोधकांनी एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. जितके तापमान अधिक तितके बिघाड अधिक, असे सरळ नाते त्यांना आढळले नाही. उष्णतेचा परिणाम स्पष्ट दिसला तो फार तापलेल्या आणि जुन्या डिस्कमध्ये. दुसरा निष्कर्ष अधिक बोलका आहे: बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी धोका सुचवणाऱ्या चार प्रमुख निर्देशकांपैकी एकाचीही नोंद आधी दाखवली नव्हती. याचा अर्थ, गार खोलीतली डिस्कही जाते, आणि अनेकदा न सांगता जाते.

मग उष्णतेचा खरा धोका कोणता? समजा, एक प्रत वर्षभरात नष्ट होण्याची शक्यता १०० त २ आहे. दोन प्रती एकाच वर्षी नष्ट होण्याची शक्यता १०,००० त ४ एवढीच, असे आपण शिकतो. हा गुणाकार मात्र दोन्ही घटना परस्परांपासून स्वतंत्र असतील तरच खरा. आमच्या आठही डिस्क एकाच दिवशी, एकाच खोक्यातून आल्या होत्या. वय तेच, खोली तीच, एसी तोच. उष्णतेने त्यांचे स्वातंत्र्यच काढून घेतले. एका खोलीतल्या आठ डिस्क म्हणजे आठ प्रती नव्हेत.

दुसरी प्रत दुसऱ्या गावी ठेवणे आपल्या देशात अशक्य आहे, असेही नाही. फरिदाबाद येथील भारतीय जैविक माहिती केंद्राने आपत्तीत उपयोगी पडणारी साठवण भुवनेश्वरला ठेवण्याची योजना आखली. जनुकीय माहितीला जो न्याय, तोच लहान प्रयोगशाळेतील पीएचडीच्या माहितीला का नसावा? ती माहितीही सार्वजनिक पैशातूनच निर्माण झालेली असते. मी पाहिलेल्या प्रकल्प प्रस्तावांत उपकरणांवर पानेच्या पाने खर्च होतात. दुसऱ्या प्रतीसाठी एक ओळही क्वचितच आढळते. अनुदान देणाऱ्या संस्थांनी ती ओळ सक्तीची करावी, आणि प्रत कोठे राहील व तिची जबाबदारी कोणाची, हे नावानिशी लिहून घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

यावर खर्चाचा आक्षेप येईल. चौदा महिन्यांची शिष्यवृत्ती, हेलियम आणि एका तरुण मुलीचे वर्ष यांची बेरीज करा आणि तिच्याशेजारी एका जादा डिस्कची किंमत मांडून पाहा.

आमच्या खोलीत आता हवा ३८ अंशांवर गेली की सर्व्हर आपोआप बंद होतो. दुसरी प्रत आवाराच्या दुसऱ्या टोकाच्या इमारतीत आहे, तिसरी दुसऱ्या शहरात. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी कोणीतरी त्या प्रतींमधली एक फाईल उघडून पाहतो, कारण जी प्रत कधी उघडून पाहिली नाही तिच्यावर विसंबता येत नाही. तुम्ही संशोधक विद्यार्थी असाल, तर उद्या आपल्या मार्गदर्शकांना एवढेच विचारा: सर, मॅडम, माझ्या मोजमापांची दुसरी प्रत कोठे आहे? हा प्रश्न आमच्या विद्यार्थिनीने मला आधी विचारायला हवा होता, असे मी म्हणणार नाही. तो मी स्वतःला विचारायला हवा होता.