यादीत एक गुऱ्हाळ घाला

‘स्टार्टअपवाल्यानं वाचायलाच हवीत अशी दहा पुस्तकं’ ही यादी तुमच्याही फोनवर आली असेल. इंजिनिअरिंगला असताना मी ती अख्खी संपवली. ‘झिरो टू वन’, ‘लीन स्टार्टअप’, सगळी. मग कसबा बावड्यात घरी बसून गुऱ्हाळवाल्यांसाठी हिशेबाचं ॲप काढलं. दुसऱ्या आठवड्यात ते कुणीच उघडलं नाही. गुऱ्हाळावर गेलो तेव्हा कळलं: गुळव्याचे हात पाकानं माखलेले, तो फोन धरणार कधी?

‘ग्राहकाकडे जा’ हे त्या पुस्तकांतही आहे, मान्य. पण कॅलिफोर्नियातला ग्राहक वाचून आपल्याला शेजारचा माणूस कळला असं वाटायला लागतं. खरी गोची तिथंच आहे.

आणि यादीत आपलं कुणीच कसं नाही? लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडानं जमीन नासते म्हणून शेतकरी तो घेईनात. ते हटले नाहीत. १९१० मध्ये कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्यांचे चिरंजीव शंतनुराव यांचं ‘कॅक्टस अँड रोझेस’ आपल्यापैकी किती जणांनी उघडलंय?

यादी करायचीच तर हे पुस्तक घाला. आणि पहिल्या नंबरावर एक गुऱ्हाळ.