आकाशांतील चकवा

रात्रीं शेतांतून घरीं निघालेला मनुष्य ओळखीची वाट सोडून एकाच धुऱ्याभोंवतीं पहांटेपर्यंत फिरत राहिला, अशी चकव्याची गोष्ट आमच्या वऱ्हाडांत कोणीं ऐकली नाहीं? शाळेंत शिकलेले आपण तिला हंसतों. परंतु अलीकडे मनुष्यानेंच एक चकवा निर्माण केला असून तो यंत्रांस लागतो. इंग्रजींत त्यास स्पूफिंग म्हणतात.

अमरावती-अकोल्याच्या कपाशीवर आतां ड्रोन फवारणी करूं लागलें आहे. सन २०१७ मध्यें यवतमाळ जिल्ह्यांत फवारणी करतांना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व मजूर दगावले, हें ज्यांस आठवतें ते ह्या यंत्रास नांवें ठेवणार नाहींत. आम्हीही ठेवीत नाहीं. नोव्हेंबर २०२३ मध्यें केंद्र सरकारनें १५,००० महिला बचतगटांस ड्रोन देण्याची योजना मंजूर केली, तीही स्वागतार्हच होय. आमचें म्हणणें इतकेंच कीं, जें यंत्र एकाच साक्षीदारावर विश्वास ठेवतें, तें विषाची टांकी घेऊन शेतावर उडूं नये.

तो साक्षीदार म्हणजे उपग्रह. जीपीएसचे उपग्रह सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून संदेश पाठवितात. निदान चार उपग्रहांचे संदेश पोहोंचण्यास लागलेल्या वेळावरून यंत्र आपलें स्थान काढतें. हा संदेश जमिनीवर येईपर्यंत इतका क्षीण होतो कीं, जवळचा लहानसा प्रक्षेपक त्यास सहज दाबून टाकतो. शिवाय नागरी उपयोगाच्या नेहमींच्या जीपीएस संदेशाची रचना सर्वांस खुली आहे व त्यावर प्रेषकाची मोहोर नाहीं. संदेश नुसता बुडविला तर यंत्रास आपण आंधळे झालों हें निदान कळतें. चकव्यांत तें निःशंकपणें चुकतें. जून २०१२ मध्यें अमेरिकेंत प्राध्यापक टॉड हम्फ्रीज ह्यांनीं परवानगीनें प्रयोग केला, तेव्हां अधांतरीं स्थिर असलेलें लहान हेलिकॉप्टर, आपण वर चढत आहों असें समजून, खालीं झेपावलें.

हें दूरदेशचें झालें. पण २०२५ च्या अखेरीस दिल्लीजवळ उतरणाऱ्या विमानांसही खोटे संदेश मिळाले, आणि उपग्रह-संदेशांत व्यत्यय आल्याच्या वार्ता ज्या विमानतळांवरून आल्या त्यांत मुंबईचेंही नांव सरकारनें संसदेंत सांगितलें. विमानांस जमिनीवरील साधनांचा दुसरा आधार होता. ड्रोनास कोणता? विमानतळाच्या हद्दींत शिरूं नये म्हणून त्यांत घातलेली मर्यादादेखील बहुधा त्याच उपग्रहांच्या भरंवशावर असते. आणि अमरावतीस बेलोऱ्याला एप्रिल २०२५ पासून प्रवासी विमानें उतरूं लागलीं आहेत.

चकवा ओळखतां येत नाहीं असें नाहीं. उपग्रह सांगतात कीं यंत्र दहा मीटर सरकलें, आणि त्याच्या पोटांतील गतिमापक म्हणतो कीं हललेंच नाहीं, तर कोणी तरी खोटें बोलत आहे. उंचीची साक्ष वायुभारमापक देतो, जमिनीची कॅमेरा. खरे संदेश आकाशाच्या निरनिराळ्या भागांतून येतात, खोटे बहुधा एकाच दिशेनें. दोन अँटेना असल्यास हा भेद उमगतो. संदेशाचें बळ एकाएकीं वाढणें हीही खूण आहे. मात्र धूर्त फसव्या यंत्रास हळूहळू ओढतो, म्हणून एकाच परीक्षेवर विसंबूं नये. युरोपच्या गॅलिलिओ उपग्रहांनीं तर जुलै २०२५ पासून आपल्या संदेशावर मोहोरच उमटविण्यास आरंभ केला आहे.

खर्च वाढेल, असा आक्षेप येतो. तो आम्हांस फारसा पटत नाहीं. गतिमापक व वायुभारमापक बहुतेक ड्रोनांत आधींच असतात. उणीव आहे ती त्यांची उलटतपासणी घेणाऱ्या आज्ञावलीची. ड्रोन नियम २०२१ अन्वयें यंत्राच्या प्रकारास प्रमाणपत्र लागतें. त्या परीक्षेंत, बंदिस्त खोलींत खोटा संदेश देऊन यंत्र काय करतें तें पाहिलें जावें. हा भार बचतगटांतील भगिनींवर टाकणें न्यायाचें नव्हे.

तोंपर्यंत यंत्र चालविणाऱ्यानें हातांतील पडद्यापेक्षां आकाशांतील यंत्रावरच दृष्टि ठेवावी. तें नेमल्या तासावरून झुकूं लागतांच फवारा बंद करावा, उपग्रहांचा आधार तोडावा व यंत्र हातानें उतरवावें. ह्याचा सराव शिक्षणाच्या वेळींच झाला पाहिजे. धुऱ्यापलीकडे कोणाची विहीर असते, कोणाचीं गुरें चरत असतात.