पुनर्जननाचे संशोधन कालपरवाचे नाही



तुटलेला अवयव पुन्हा उगवण्याचा शास्त्रीय अभ्यास मूळपेशींच्या संशोधनापासून सुरू झाला, असे गेल्या अंकातील लेखात म्हटले आहे. हे साफ चूक आहे.

फ्रान्सच्या रेओम्यूरने १७१२ मध्येच क्रेफिशचे तुटलेले पाय नव्याने फुटतात हे दाखवले होते. मात्र खरी खळबळ उडवली ती एका खासगी शिक्षकाने. हेगजवळ बेंटिंक घराण्यातील मुलांना शिकवणाऱ्या अब्राहम ट्रेंबलीला १७४० मध्ये पाण्यात हायड्रा हा हिरवा जीव दिसला. वनस्पती की प्राणी हे ठरेना, म्हणून त्याने तो कापला. वनस्पती असेल तर दोन्ही तुकडे वाढतील, असा त्याचा हिशेब. दोन्ही वाढले. पण हा पठ्ठ्या चालत होता, भक्ष्यही गिळत होता! मग एकाच जिवाचा आत्मा कोणत्या तुकड्यात गेला, यावर तत्त्वज्ञांची जुंपली.

इटालियन शास्त्रज्ञ स्पालांझानीने १७६८ मध्ये सॅलमॅंडरचे पाय आणि गोगलगाईचे डोकेही परत येते असे प्रसिद्ध केले, तेव्हा खुद्द व्होल्तेरने हौसेने गोगलगाई कापून पाहिल्या.

जीवशास्त्रज्ञ टी. एच. मॉर्गनने तर १९०१ मध्ये या विषयावर ग्रंथच लिहिला. फळमाश्यांवरचे त्याचे काम आणि १९३३ चे नोबेल नंतरचे. लेखात त्याचा उल्लेखही नसावा, हे खटकले.