मदीना ते मक्का : गाडी ठरवण्याआधी

उमराहला निघणाऱ्या घरांतून हल्ली एक प्रश्न हमखास येतो. मदीनेहून मक्केला रेल्वेने जावं, टूरच्या बसने, की वेगळी गाडी करावी? अंतर सुमारे साडेचारशे किलोमीटर. गाडीला साडेचार-पाच तास लागतात. 2018 साली सुरू झालेली हरमैन रेल्वे हेच अंतर अडीच तासांच्या आत कापते. मग पाच तास रस्त्यावर कशाला काढायचे?

तरुण जोडपं असेल, सामान एकेक बॅग असेल, तर रेल्वेच बरी. पण सोबत गुडघे दुखणारी अम्मी, दर तासाला इस्तिंजाला जावं लागणारे अब्बा आणि कडेवरचं मूल असेल, तर हिशेब बदलतो. दोन्हीकडची स्टेशनं हरमपासून काही किलोमीटर लांब आहेत. म्हणजे हॉटेल ते स्टेशन टॅक्सी, फलाटावर सामानाची ओढाताण, आणि उतरल्यावर पुन्हा टॅक्सी. वाचलेला वेळ बराचसा तिथेच जातो.

पण माझ्या मते खरा मुद्दा मीकातचा आहे. मदीनेहून उमराहला जाणाऱ्याचा मीकात जुल हुलैफा. तिथले लोक त्याला अब्यार अली म्हणतात. मस्जिदे नबवीपासून तो साधारण दहा किलोमीटरवर आहे. हज्जतुल विदाला निघताना आपल्या प्यारे नबी (स.) यांनी इथूनच एहराम बांधला होता. मोठी मस्जिद आहे, गुस्लखाने आहेत, एहराम बदलायला जागा आहे. गाडी इथे थांबते, रेल्वे थांबत नाही. रेल्वेने जाणाऱ्याला हॉटेलातूनच एहराम बांधून निघावं लागतं आणि मीकात ओलांडण्याआधी नियत करावी लागते. हे नीट माहीत असेल तर रेल्वेत काहीच अडचण नाही. पण “मक्केला पोचल्यावर बघू” म्हणून तसेच पुढे गेलात, तर मीकातवर परत यावं लागतं, नाहीतर दम, म्हणजे जनावराची कुर्बानी, द्यावा लागतो. घाईत असलेला ड्रायव्हर “हॉटेलातच करून या, तिथे गर्दी असते” असंही म्हणेल. म्हणून गाडी ठरवतानाच सांगा : मीकातवर थांबायचं, आणि अर्धा-पाऊण तास थांबायचं. म्हाताऱ्या माणसाचं गुस्ल, दोन रकात नमाज, नियत आणि तल्बिया दहा मिनिटांत उरकत नाही.

ठरवणं म्हणजे सगळं ठरवणं. भाडं माणशी की अख्ख्या गाडीचं? थांबण्याचे पैसे वेगळे का? हॉटेलच्या दारापर्यंत की जवळच्या चौकापर्यंत? शरीयतमध्येही इजारा, म्हणजे भाड्याचा व्यवहार, उजरत आणि काम दोन्ही आधी स्पष्ट झाल्याशिवाय नीट होत नाही. व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या. रस्त्यावर “मक्का, मक्का” ओरडत येणाऱ्या परवाना नसलेल्या खासगी गाडीत केवळ स्वस्त म्हणून बसू नका. काही झालं तर विचारायचं कुणाला?

गाडी केवढी घ्यायची, ते माणसं मोजून ठरवू नका, बॅगा मोजून ठरवा. साध्या कारमध्ये चार माणसं बसतील, पण चार मोठ्या बॅगा आणि खजुरांचे डबे मावणार नाहीत. पाच-सहा जणांच्या घराला व्हॅन किंवा मोठी जीएमसी लागते. लहान मुलाची सीट हवी असेल तर आदल्या दिवशी सांगून ठेवा.

आणखी एक गोष्ट आपल्याच घरांतली. सून रत्नागिरीची शाफई आणि सासर सोलापूरचं हनफी, अशी कुटुंबं आता कमी नाहीत. कसर दोघांनाही आहे. पण शाफई मुसाफिर जुहर-असर किंवा मगरिब-इशा एकत्र पढू शकतो, हनफी प्रत्येक नमाज आपापल्या वेळीच पढतो. त्यामुळे एकाला “पुढे पोचून पढू” चालतं आणि दुसऱ्याचा जीव खालीवर होतो. वाटेतल्या पेट्रोलपंपांवर बहुधा मस्जिद असते. ड्रायव्हरला आधी सांगितलं तर तो वेळ साधून थांबतो, आणि गाडीत कुरबूरही होत नाही.

निघण्याची वेळ फज्रनंतरची, नाश्ता करून, सगळ्यांत चांगली. इशानंतर निघाल्यास उन्हाचा त्रास नाही हे खरं, पण दिवसभर फेऱ्या मारलेल्या ड्रायव्हरच्या डोळ्यांवर झोप असते. रात्रीच जायचं असेल तर एकाने पुढे बसून त्याच्याशी बोलत राहावं.

मक्केत हरमच्या आसपासचे रस्ते नमाजच्या वेळी बंद होतात. अशा वेळी पोचलात तर गाडी लांबच थांबेल, आणि व्हीलचेअरवाल्या अम्मीला गर्दीतून न्यावं लागेल. दोन नमाजांच्या मधली वेळ साधा. जुम्याच्या दिवशी दुपारी पोचण्याचा बेत तर ठेवूच नका.