देवाच्या मनात असेल तसं

घरावर संकट कोसळलं की आपली माणसं धावून येतात, याचा आपल्याला अभिमान आहे आणि तो खोटा नाही. पण धावून आलेली माणसं काय बोलतात, ते एकदा नीट ऐकावं. कर्जापायी शेतकऱ्याने विष घेतलेलं. तेराव्याला त्याची बायको आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसलेली. येणारी प्रत्येक बाई तिच्या पाठीवरून हात फिरवते आणि म्हणते, देवाच्या मनात असेल तसं, त्याच्यावर भार टाक, तोच वाट दाखवील. ओसरीवर आपण पुरुष मंडळी हेच जरा जड आवाजात बोलतो. मग पंगती बसतात. त्या पंगतींसाठी दिराने पुन्हा व्याजाने पैसे उचललेले असतात, कारण गावाला जेवू घातलं नाही तर तोंड कसं दाखवायचं? ज्या कर्जाने माणूस गेला त्यात त्याच्याच तेराव्याची भर घालून आपण हात धुतो, सुपारी कातरतो आणि तिला देवाच्या हवाली करून घरी येतो.

ज्याच्यावर वेळ आली आहे त्याने देवाचा आधार धरला, तर त्याविषयी कोणी ब्र काढू नये. त्या आधारावर माणसं रात्री काढतात, पोरांना वाढवतात. मी बोलतो आहे तो आधार दुसऱ्याला सांगण्याविषयी. आपल्या मुलाला ताप आला तर आपण अंगारा लावतो आणि त्याच पावली डॉक्टरही गाठतो. आपली जमीन वादात सापडली तर नवस बोलतो आणि वकीलही धरतो. निव्वळ देवावर हवाला ठेवायचा उपदेश आपण राखून ठेवला आहे तो शेजाऱ्यासाठी, आणि त्यातही ज्याच्यापाशी डॉक्टर-वकिलाचे पैसे नाहीत अशा शेजाऱ्यासाठी. पिढ्यान्‌पिढ्या तो इतक्या मायेने केला गेला आहे की त्यातलं क्रौर्य करणाऱ्याला दिसत नाही. ऐकणारीलाही दिसत नाही. तीही मान डोलावते.

हे क्रौर्य कुठवर जातं, ते पंडिता रमाबाईंनी लिहून ठेवलं आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं म्हणून समाजाचा रोष ओढवून घेतलेले. तीर्थोतीर्थी पुराणं सांगत हे कुटुंब फिरत होतं. 1874च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला तेव्हा जवळ होता तो पैसा, दागिने, भांडीसुद्धा दानधर्मात आणि ब्राह्मणभोजनांत गेली. देव प्रसन्न होईल, मार्ग दाखवील, या भरवशावर अनुष्ठानं चालू राहिली. अंगमेहनत कुळाला शोभत नव्हती, हात पसरणं विद्वत्तेला. शेवटी रानातला पाला खाऊन दिवस काढायची पाळी आली, आणि थकलेल्या, दृष्टी गेलेल्या वडिलांनी पवित्र तळ्यात देह ठेवायचं ठरवलं. त्या वेळी मुलाने, श्रीनिवासाने, कुळाचा अभिमान सोडून मजुरी करीन म्हटलं. फार उशीर झाला होता. वडील गेले, थोड्याच काळात आई आणि बहीण गेली. या गोष्टीत अनंतशास्त्र्यांना भोळे म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला दिसतात ती त्यांच्याकडून शेवटची नाणी दक्षिणा म्हणून घेणारी माणसं. त्यांच्यातला एकही जण म्हणाला नाही, की शास्त्रीबुवा, हे राहू द्या, पोरांना धान्य घ्या. ती माणसं दुष्ट नव्हती. आपल्यासारखीच होती.

पुढे हीच रमाबाई ख्रिस्ती झाली. 1889 साली तिने मुंबईत शारदासदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आणलं. तिथल्या काही मुली तिच्या प्रार्थनेला बसू लागल्या तेव्हा पुणं पेटून उठलं. त्या रागात तथ्य नव्हतं असं मी म्हणत नाही; रानडे-भांडारकरांसारख्यांनीही सदनाच्या सल्लागार मंडळातून अंग काढून घेतलं होतं. पण 1896-97च्या दुष्काळात हीच बाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली आणि बालविधवा शेकड्यांनी पुण्याजवळच्या केडगावला घेऊन आली. तिचाही भार देवावरच होता, फक्त तो वाहायला तिने स्वतःचे पाय लावले होते. तिचा धर्म कोणता यावर आपण जेवढी शाई खर्च केली, त्याच्या चौथाईनेही त्या मुलींना तिच्या दारी का जावं लागलं, याचा विचार झाला नाही.

देवावर भार टाकला तरी पाय आपलेच चालवावे लागतात, हे वारकऱ्यांच्या घरात वाढलेल्या आपल्याला कळायला केडगावपर्यंत जायचीही गरज नव्हती. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा आपण कीर्तनात शंभरदा ऐकली. विठोबा महाराचं रूप घेऊन बीदरच्या बादशहाकडे गेला आणि धान्याचे पैसे भरून आला, इथे टाळ्या पडतात. त्याआधी दुष्काळात दामाजींनी सरकारी कोठारं लोकांसाठी उघडली होती, मान जाणार हे ठाऊक असताना उघडली होती. कथेत देव आला तो त्यानंतर. आपण मात्र कथेचा पूर्वार्ध गाळून उत्तरार्धाची वाट पाहत बसलो. आणि देवाने ज्या जातीचं रूप घेतलं म्हणून आपले डोळे पाणावले, त्या जातीला 1947पर्यंत पंढरीच्या देवळात पाऊल ठेवू दिलं नाही, हेही याच आंधळेपणाचं दुसरं अंग.

हा आंधळेपणा जन्माचा नाही, म्हणून तो जाईल. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे 2022मध्ये ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. शतकांची रूढी एका बैठकीत कागदावर संपली आणि कोणावर आकाश कोसळलं नाही. महिन्याच्या आत राज्य सरकारने इतर गावांना तोच धडा घ्यायला सांगितलं. आचरणाला वेळ लागेल, आजीबाया कुरकुरतील, ते चालायचंच. असं ठरवायला बैठक तर आपल्याकडेही होतेच: तेराव्याच्या आदल्या दिवशी गावातली चार जाणती माणसं ओसरीवर बसून पंगत किती, आचारी कोण, हे ठरवतातच. सातबाऱ्यावर मागे राहिलेल्या बायकोचं नाव वारस म्हणून चढवायला तलाठ्याकडे कोण जाणार, सोसायटीच्या थकबाकीचं काय करायचं, पोरांची फी या वर्षी कोणी भरायची, हेही त्याच बैठकीत ठरू शकतं. आणि पंगतच घालायची नाही, हेसुद्धा.